आत्याचा आवाज हरवला!

दोस्तांनो, गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मी आगाशीला आत्याकडे गेलो होतो. विरारला उतरलो, रिक्षा केली आणि वाडीच्या फाटकाला हात लावतो न लावतो तोच आतून आत्याचा आवाज आला. आत्याचा आवाज म्हणजे काय सांगू! ती मागच्या विहिरीपाशी उभी राहून "चहा झाला रे" म्हणाली, की पुढच्या रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघतो. सगळ्या आळीला तो आवाज पाठ आहे.

त्या दिवशी मात्र तो आवाज चिडलेला होता. आत्या पडवीत बसली होती. समोर टेबलावर नवाकोरा मोबाईल, त्याचा स्पीकर चालू. वर पंखा गरगरत होता, पत्र्यावर पाऊस ताशा वाजवत होता, आणि आत्या फोनला ओरडून सांगत होती, "अगं बाई, मीच बोलतेय! माझ्या घरातून दुसरं कोण बोलणार?"

फोनमधली बाई शांतपणे म्हणाली, "क्षमस्व. आपल्या आवाजाची ओळख पटू शकली नाही."

भानगड अशी होती. आपली पेन्शन जमा झाली की नाही, हे आत्या फोनवरून विचारते. त्या सेवेत आकड्यांचा पासवर्ड लागत नाही. तुमचा आवाज हाच पासवर्ड! दोन वर्षांपूर्वी तिनं जुन्या फोनवरून आवाजाची नोंद केली होती आणि तेव्हापासून कधी अडलं नव्हतं. पण जुना फोन बंद पडला, आतेभावाने नवा महागडा फोन आणून दिला, आणि यंत्र आत्याला ओळखच दाखवेना. एकदा नाही, तीनदा.

आत्या रागावली होती. पण खरं सांगू? राग वरवरचा होता. आतून ती दुखावली होती. "अरे, ह्याच आवाजावर तीस वर्षं शाळेत वर्ग सांभाळले. आणि आता हे यंत्र मला सांगतं, की तू तू नाहीस! माझा आवाज एवढा म्हातारा झाला का रे?"

शेजारी तिची सातवीतली नात बसली होती. ती म्हणाली, "आजी, तुझा आवाज तोच आहे. फोन नवा आहे."

शाब्बास! पोरीने नेमकं बोट ठेवलं. आज आपण ह्याच बोटाच्या दिशेने जाणार आहोत.

आवाज तुमचाच कसा?

आधी हे बघू, की माणसामाणसांचे आवाज वेगळे का असतात. तुमच्या गळ्यात स्वरयंत्र असतं आणि त्यात दोन स्वरतंतू. फुप्फुसातली हवा बाहेर येताना हे स्वरतंतू कंप पावतात. मोठ्या पुरुषाचे सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा, बाईचे साधारण २०० वेळा, लहान मुलांचे त्याहूनही जास्त. पेटीवर कुणाची पट्टी काळी एक, कुणाची काळी चार, तसंच हे.

पण नुसत्या पट्टीवरून माणूस ओळखू येत नाही. स्वरतंतूंपासून निघालेला आवाज घसा, तोंड आणि नाक ह्यांच्या पोकळीतून जातो. पुरुषात स्वरतंतूंपासून ओठांपर्यंत ही नळी सुमारे १७ सेंटिमीटर लांब असते, बायकांमध्ये थोडी कमी, मुलांमध्ये आणखी कमी. ह्या नळीत काही सूर घुमतात, काही दबतात. ह्यालाच शास्त्रात अनुनाद म्हणतात. रिकाम्या माठात तोंड घालून 'ऊ' करा. काही सुरांवर माठ एकदम घुमेल, काहींवर गप्प बसेल. प्रत्येकाच्या तोंडाचा माठ वेगळ्या घडणीचा, म्हणून प्रत्येकाचा आवाज वेगळा.

ओळख पटवणारं यंत्र ह्या माठाची घडण शोधत असतं. ते तुमच्या बोलण्याचे अगदी बारीक तुकडे करतं. एकेक तुकडा सेकंदाच्या चाळीसाव्या भागाएवढा, म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याहूनही छोटा! प्रत्येक तुकड्यात खालच्या सुरांचा जोर किती, मधल्यांचा किती, वरच्यांचा किती, हे मोजतं. त्यातून आकड्यांचं एक टिपण तयार होतं. ही झाली नोंदणी. पुढच्या वेळी तुम्ही बोललात, की नवं टिपण करायचं आणि जुन्याशी ताडून बघायचं. ही झाली पडताळणी.

ऐकायला किती सोपं वाटतं, नाही? पण ह्यात एक मधला माणूस लपला आहे. तो म्हणजे माईक! यंत्राला तुमचा आवाज थेट कधीच ऐकू येत नाही. माईकने जो सांगितला, तोच त्याला कळतो.

माईकचा रंगीत चष्मा

दुपारी लाल काचेचा गॉगल लावून बागेत गेलात, तर झाडं कशी दिसतील? काळपट! झाडं बदलली का? नाही. मध्ये काच आली. प्रत्येक माईक असाच एक रंगीत चष्मा असतो. कुणी खालचे सूर फुगवतो, कुणी वरचे गाळतो, कुणी स्वतःचीच खरखर मिसळतो.

उलट दिशेने हाच अनुभव तुम्ही रोज घेता. वसई रोडच्या फलाटावरच्या कर्ण्यातून येणारी घोषणा आठवा. नाकातून बोलल्यासारखी, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी वाटते ना? तेच शब्द त्याच बाईंनी तुमच्या शेजारी उभं राहून म्हटले, तर ते किती निराळे वाटतील! कर्णा आवाज बाहेर टाकताना रंग चढवतो, माईक तो आत घेताना.

माईकचं घराणंही मोठं आहे, बरं का! सगळ्यांत जुनी शाखा कोळशाची. डायल फिरवायचे काळे फोन तुमच्या आजी-आजोबांना विचारा. त्यांच्या रिसिव्हरमध्ये एक छोटी डबी असे आणि तिच्यात कोळशाचे बारीक कण. आवाजाने वरचा पडदा दाबला, की कण एकमेकांना चिकटत आणि वीज सहज वाहे. पडदा सैल झाला, की वीज अडे. थॉमस एडिसनने १८७७ साली ह्या युक्तीवर काम केलं आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षं फोनमध्ये कोळसाच बोलत होता. पण हे कण आवाज थोडा वाकडातिकडा करत. कधी ते गच्च बसत. मग लोक रिसिव्हर हातावर आपटत आणि पुन्हा "हॅलो, हॅलो" करत.

दुसरी शाखा गॅदरिंगच्या स्टेजवरच्या माईकची. त्यात लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं असतं. तो तोंडाच्या अगदी जवळ धरला, की बहुतेक वेळा आवाज भारदस्त होतो, कारण अशा माईकमध्ये जवळून आलेले खालचे सूर फुगतात. निवेदन करणारे दादा माईकला ओठ का चिकटवतात, कळलं ना?

तिसरी शाखा १९६२ सालची. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट ह्या दोघांनी एक पातळ पडदा वापरला. विजेचा भार कायमचा धरून ठेवणारा पडदा! त्यातून छोटा, स्वस्त आणि बराच प्रामाणिक माईक तयार झाला. कॅसेट रेकॉर्डरपासून इअरफोनपर्यंत सगळीकडे तो जाऊन बसला. आणि चौथी शाखा तुमच्या घरातल्या मोबाईलमध्ये आहे. सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेला, जेमतेम काही मिलिमीटरचा माईक. एका फोनमध्ये असे दोन-तीन असतात. एक तुमचं ऐकतो, दुसरा आजूबाजूचा गोंगाट ऐकतो, आणि फोन त्यावरून गोंगाट कमी करायचा प्रयत्न करतो. तसं करताना कधी कधी तुमच्या आवाजाचाही टवका उडतो.

आणि ह्या सगळ्यांवर कडी म्हणजे फोनची जुनी तार. जुन्या पद्धतीच्या फोनवरून सेकंदाला साधारण ३०० ते ३४०० कंपनांमधलाच आवाज पुढे जातो. त्याच्या खालचं आणि वरचं कापलं जातं. आपल्या 'स'चा जोर ४००० च्याही वर असतो! म्हणून तर अशा फोनवर 'स' आणि 'श' ह्यांची गल्लत होते आणि आपण ओरडून सांगतो, "सशातला स हो!"

वॉचमन कडक की ढिला?

आता आत्याच्या गोष्टीकडे येऊ. तिची नोंद झाली होती जुन्या फोनवर, फोन कानाला लावून. पडताळणी झाली नव्या फोनवर, हातभर लांबून, पंख्याच्या आणि पावसाच्या साथीने. लांबून बोललं, की भिंतींवर आपटून आलेला आवाजही माईकमध्ये शिरतो. म्हणजे नोंदणीला एक चष्मा, पडताळणीला दुसराच. यंत्राने दोन टिपणं ताडली आणि त्याला फरक दिसला. फरक खराच होता. पण तो आत्यातला नव्हता, माईकमधला होता!

ह्याची उलट बाजूही आहे. समजा दोन निरनिराळी माणसं एकाच जुन्या फोनवरून बोलली, तर दोघांच्या टिपणांवर त्या फोनचा सारखाच रंग चढतो. मग यंत्राला ती आहेत त्यापेक्षा जास्त सारखी वाटू शकतात.

यंत्र "हो" किंवा "नाही" कसं ठरवतं? ते ह्या साम्याला गुण देतं आणि एक पासाची रेषा ठेवतं. ही रेषा म्हणजे विरारच्या एखाद्या सोसायटीचा वॉचमन समजा. वॉचमन फार कडक असला, तर चोर आत येणार नाही, पण पाहुणे आलेले आजोबाही फाटकावर ताटकळतील. ढिला असला, तर आजोबा आरामात आत येतील, पण त्यांच्या मागून चोरही शिरेल. एक चूक कमी करायला गेलं, की दुसरी वाढते. माईक बदलला, की ह्या वॉचमनच्या डोळ्यांवर धुकं आल्यासारखं होतं आणि दोन्ही चुका एकदम वाढतात.

हे शास्त्रज्ञांना ठाऊक नाही असं नाही. अमेरिकेतली मानकांची राष्ट्रीय संस्था १९९६ पासून अशा यंत्रांच्या परीक्षा घेत आली आहे. त्या काळात घराघरांत कोळशाचेही फोन होते आणि नव्या माईकचेही. नोंदणी एका प्रकारच्या फोनवर आणि परीक्षा दुसऱ्या प्रकारच्या फोनवर झाली, की यंत्रांच्या चुका कित्येक पटींनी वाढायच्या. आपल्याकडे गुवाहाटीच्या आयआयटीमधल्या संशोधकांनी १०० माणसांचं बोलणं एकाच वेळी पाच साधनांवर टिपलं. डोक्याला लावायचा माईक, संगणकातला माईक, छोटा रेकॉर्डर आणि दोन मोबाईल. माणूस तोच, वाक्य तेच, क्षणही तोच. मग जो फरक उरेल, तो साधनाचाच!

चष्म्याचा रंग पुसायचा कसा?

ह्यावरची एक झकास युक्ती एका भारतीय शास्त्रज्ञाने सुचवली. बिष्णू अटल त्यांचं नाव. जन्म १९३३ साली कानपूरचा, शिक्षण लखनौ आणि बंगळूरला, आणि १९६१ पासून काम बेल प्रयोगशाळेत. तीच प्रयोगशाळा, जिथे तो नवा माईक जन्मला! १९७४ साली त्यांनी मांडलेला विचार असा: माणूस बोलतो तेव्हा त्याचं तोंड सारखं हलतं, म्हणून आवाज क्षणोक्षणी बदलतो. पण माईक काही बदलत नाही, त्याचा रंग पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत तोच. तर मग सगळ्या बोलण्याची सरासरी काढायची आणि प्रत्येक तुकड्यातून ती वजा करायची. जे कायम होतं ते गेलं, जे बदलत होतं ते उरलं!

लाल गॉगल घातल्यावर जे जे दिसतं ते सगळंच लालसर असेल, तर तो लालपणा काचेचा, हे ओळखून मनातल्या मनात तो वजा करण्यासारखंच हे. आहे की नाही गंमत?

पण ह्या युक्तीलाही मर्यादा आहेत. माणसाच्या आवाजातही काही गोष्टी कायम असतात, त्यांचा थोडा भाग सरासरीबरोबर वाहून जातो. आणि कोळशाच्या माईकसारखा जो आवाज वाकडातिकडा करतो, त्याचा रंग नुसत्या वजाबाकीने जात नाही. म्हणून आजची यंत्रं आणखी एक गोष्ट करतात. हजारो माणसांचे आवाज निरनिराळ्या माईकवरून, गोंगाटात, मोठ्या खोलीत, छोट्या खोलीत ऐकवून त्यांना शिकवलं जातं, की काय सोडून द्यायचं आणि काय धरून ठेवायचं. त्यामुळे ती पूर्वीपेक्षा खूप सुधारली आहेत. तरीही चष्मा पूर्ण गेलेला नाही.

पेन्शनपुरतं नाही

तुम्ही म्हणाल, आत्याला फार तर दुसऱ्यांदा फोन करावा लागेल, त्यात एवढं काय? पण विरारहून लोकल पकडा, अंधेरीला गाडी बदला आणि सांताक्रूझला उतरा. तिथून जवळ कलिना भागात महाराष्ट्र सरकारची न्यायसहायक प्रयोगशाळा आहे. रक्त, विष ह्यांच्याबरोबर तिथे ध्वनिमुद्रणांमधले आवाजही तपासले जातात. एखाद्या गुन्ह्यातल्या फोनवरचा आवाज आणि संशयिताचा आवाज एकच आहे का, हे ठरवायचं. इथे चूक झाली, तर निरपराध माणूस तुरुंगात जाऊ शकतो किंवा गुन्हेगार मोकळा सुटू शकतो!

१९६२ साली, पुन्हा त्याच बेल प्रयोगशाळेतल्या लॉरेन्स केर्स्टा ह्यांनी मोठा दावा केला होता. बोटांच्या ठशांसारखाच 'आवाजाचा ठसा' असतो आणि त्यावरून माणूस जवळजवळ अचूक ओळखता येतो, असं ते म्हणाले. वर्तमानपत्रांना शब्द फार आवडला. पण पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने १९७९ साली हा विषय तपासला. एवढी खात्री देण्याजोगा पुरावा नाही, असं तिचं मत पडलं. फरक समजला का? बोटांवरच्या रेषा जन्मभर त्याच राहतात. आवाज मात्र सर्दीने बदलतो, वयाने बदलतो, रडताना बदलतो, आणि माईकगणिक बदलतो. तुमच्यातल्या आठवी-नववीतल्या मुलांना विचारा. आवाज फुटला, की सहा महिन्यांपूर्वीचा आपलाच आवाज परका वाटतो!

आपल्या न्यायालयांनीही ह्यात डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं आहे. मुंबईतला एक जुना खटला आहे. महापालिकेतल्या एका कारकुनाला लाच देऊ केल्याचा. पोलिसांनी खोलीत माईक लपवला आणि टेप रेकॉर्डर आतल्या खोलीत ठेवला. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती टेप पुरावा म्हणून मानली. पण त्याच वेळी बजावलं, की टेप पुसून पुन्हा भरता येते, म्हणून असा पुरावा सावधगिरीनेच घ्यावा. पुढे २०११ साली महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका खटल्यात टेपवरच्या आवाजाच्या ओळखीवर सगळा भार होता. ती ओळख पटवताना पुरेशी काळजी घेतलेली नव्हती. चेहरा ओळखण्यापेक्षा आवाज अचूक ओळखणं कितीतरी अवघड असतं, असं न्यायालयाने म्हटलं आणि त्या आरोपीची शिक्षा रद्द केली.

२०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की तपासासाठी दंडाधिकारी एखाद्याला आवाजाचा नमुना द्यायला सांगू शकतो. आता तर नव्या कायद्यातही ते आलं आहे. पण नमुना चांगला घ्यायचा, तर शक्य तितकी परिस्थिती सारखी हवी. शब्द तेच, साधन त्याच प्रकारचं. नाहीतर आपण दोन माणसं ताडतोय असं समजायचं, आणि प्रत्यक्षात दोन माईक ताडत बसायचं!

करून बघा

त्या संध्याकाळी पाऊस थांबला. आत्याची नात आणि मी एक प्रयोग केला. तुम्हीही घरी करू शकाल. साहित्य: दोन निरनिराळे मोबाईल, एक माईकवाला इअरफोन, एक कागद आणि एक उत्साही आत्या. आत्या नसेल तर आई-बाबा चालतील.

एक वाक्य ठरवा, ज्यात 'स' आणि 'श' भरपूर आहेत. आम्ही घेतलं, "सशाने शेतातल्या शेंगा सकाळीच संपवल्या." हे वाक्य चार प्रकारे टिपा. पहिल्या मोबाईलवर जवळून, दुसऱ्या मोबाईलवर जवळून, इअरफोनच्या माईकवर, आणि मोबाईल टेबलावर ठेवून हातभर लांबून. मग डोळे मिटून, क्रम बदलून, सगळे एकाच स्पीकरवर ऐका. स्पीकर तोच ठेवायचा, नाहीतर दोन चष्मे होतील! प्रत्येक वेळी कागदावर लिहा, आवाज कसा वाटला. जाड, बारीक, घुमणारा, दबलेला? 'स' आणि 'श' स्पष्ट वेगळे आले का?

आमचा निकाल ऐका. आत्याच आहे हे आम्हा सगळ्यांना चारही वेळा कळलं. पण नातीने कागदावर लिहिलं होतं: "एक, नेहमीची आजी. दोन, सर्दी झालेली आजी. तीन, आजीच्या तोंडात लिमलेटची गोळी. चार, आजी विहिरीत."

आत्या ऐकून हसून हसून बेजार झाली. मग म्हणाली, "पण मेला पहिलाही माझ्यासारखा वाटत नाही रे. माझा आवाज इतका पातळ कुठे आहे?" हेही तुम्ही अनुभवलं असेल. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज हवेतून कानात येतोच, शिवाय कवटीच्या हाडांतूनही येतो आणि हाडं खालचे सूर छान पोचवतात. मुद्रणात हाडांचा वाटा नसतो, म्हणून आपलाच आवाज आपल्याला पातळ आणि अनोळखी वाटतो. म्हणजे बघा, आपल्या कानांनासुद्धा चष्मा आहेच!

दुसऱ्या दिवशी आत्याने त्या सेवेच्या माणसाशी बोलून नव्या फोनवरून पुन्हा नोंदणी केली. पंखा बंद, खिडकी बंद, स्पीकर बंद, फोन कानाला. मग परत पेन्शनची चौकशी. ह्या वेळी फोनमधली बाई म्हणाली, "आपली ओळख पटली आहे."

"पटली? उपकार झाले बाई तुझे!" आत्या म्हणाली. पण चेहरा खुलला होता. पेन्शन दोन दिवसांपूर्वीच जमा झाली होती.

आता तुमच्यासाठी दोन गोष्टी, नीट लक्षात ठेवायच्या. पहिली: यंत्र "ओळख पटली नाही" म्हणालं, म्हणून समोरचा माणूस खोटा ठरत नाही. आधी विचारा, माईक कुठला होता? किती लांब होता? घरातल्या आजी-आजोबांच्या बाबतीत तर नक्की विचारा, कारण चूक आपलीच असं समजून ते गप्प बसतात.

दुसरी गोष्ट त्याच्या उलट. यंत्र "ओळख पटली" म्हणालं, म्हणजे माणूस खराच, असंही नाही. २०१७ साली इंग्लंडमध्ये बीबीसीच्या एका वार्ताहराच्या जुळ्या भावाने बँकेच्या अशा यंत्राला चकवलं होतं, आणि ते दोघं हुबेहूब जुळेही नव्हते! आज तर संगणक थोडंसं बोलणं ऐकून कुणाच्याही आवाजाची नक्कल करतो. त्यात फोनचा आवाज आधीच कापलेला आणि दबलेला. म्हणजे नकलेतल्या चुकाही लपतात. तेव्हा "आई, मी अडकलोय, लगेच पैसे पाठव" असा रडवेला फोन आला, तर आवाजावर विसंबू नका. फोन ठेवून आपल्याजवळच्या नंबरावर उलट फोन करायचा. शिवाय घरात एक परवलीचा शब्द ठरवून ठेवा, फक्त घरच्यांना ठाऊक असलेला. आत्याकडे तो ठरला आहे. काय आहे, ते मात्र मी सांगणार नाही!

ह्या आठवड्याचं कोडं: बाबांचे स्वरतंतू सेकंदाला सव्वाशे वेळा कंप पावतात. जुना फोन तर ३०० च्या खालचं काही पुढे पाठवतच नाही. मग फोनवर बाबांचा आवाज बाबांसारखा जाडाच कसा ऐकू येतो? विचार करा, ताईला विचारा, विज्ञानाच्या बाईंना छळा. उत्तर आणि तुमच्या प्रयोगाचा कागद पत्राने पाठवा. कोड्याचा उलगडा पुढच्या अंकात!